भानुदास आण्णांचं भरलं घर

भानुदास आण्णा कुणाच्याही घरात शिरले की आधी टाळी वाजवायचे. चहा नाही, पाणी नाही, बसा म्हटलं तर बसणं नाही. बैठकीच्या मधोमध उभं राहून एक टाळी, मग प्रत्येक कोपऱ्यात जाऊन एकेक. दर टाळीनंतर उजवा कान पुढे करून ऐकायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. घरातल्या बायका दाराआडून बघत राहायच्या. हा माणूस होम थिएटर बसवायला आलाय की घरातलं काही बाहेर काढायला, हे त्यांना कळायचं नाही. एकीने तर गुपचूप लिंबू आणून त्यांच्यापुढे ठेवलं होतं. आण्णांनी साखर मागून घेतली आणि सरबत करून प्यायले.

"घराला इचारल्याबिगर मी भितीला खिळा मारत न्हाई, बाई," ते मला सांगायचे. "माणसांनी भरलेलं घर टाळी गिळतं. रिकामं घर परत फेकून मारतं."

बाई म्हणजे मी. सिंदफणेच्या काठच्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी बदली झाली. नवरा लातुरात नोकरीला, म्हणजे मी एकटीच. राहण्याजोगी खोली गावात एकच मिळाली, ती आण्णांच्या घरातली, रस्त्याकडची. पत्र्याच्या चार खोल्या, मध्ये अंगण आणि अंगणापलीकडे चुलीची वेगळी खोली, धुराने काळी झालेली. मी तोंडाने फटकळ, आण्णा माझ्याहून फटकळ. त्यामुळे आमचं जमलं.

पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण मिशा काळ्याभोर रंगवलेल्या. शर्टाला कडक इस्त्री, खिशात कंगवा आणि टेस्टर शेजारी शेजारी. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. तरुणपणी नारायणगडच्या जत्रेत कर्णे लावायचे आणि कर्ण्याखालीच पथारी टाकायचे, त्यात डावा कान गेला. एका कानाच्या माणसाला ऐकू येतं, पण आवाज कुठून आला ते कळत नाही. मागून हाक मारली तर आण्णा समोर बघायचे. लोकांच्या बैठकीत पाच बाजूंनी आवाज सोडायचा धंदा, आणि स्वतःला त्यातलं काहीच मिळत नव्हतं. मी एकदा हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, "आचारी कधी पंगतीला बसलेला बगितलाय का?" बढाया मारण्यात मात्र त्यांचा हात कुणी धरला नसता. बीड जिल्ह्यातलं पहिलं होम थिएटर आपणच बसवलं असं ते सांगायचे. असं सांगणारे आणखी दोघं तरी मला भेटले आहेत.

गिऱ्हाइकाशी भांडल्याशिवाय त्यांचं काम पुरं होत नसे. शेजारच्या गावात एका पुढाऱ्याचा बंगला होता. शाळेच्या कुंपणाचं काम त्यांच्या कानावर घालायचं म्हणून मीही आण्णांच्या जीपमधून गेले होते. पुढाऱ्याचं म्हणणं असं, की पाचही स्पीकर समोरच्या भिंतीवर टीव्हीच्या आजूबाजूला पाहिजेत. घेतलेली वस्तू आल्यागेल्याला दिसली नाही तर घेतली कशाला?

"पाची पांडव एकाच बाजंवर निजवायचं का?" आण्णा म्हणाले. "दोन मागं जातेत. न्हाईतर तुमचा बंगला तुमाला, मी चाल्लो."

शेवटी तोडगा निघाला. मागचे दोन मागच्या भिंतीवर, पण पुढाऱ्याच्या वारलेल्या वडिलांचा हार घातलेला मोठा फोटो होता त्याच्या दोन अंगांना. म्हणजे फोटोला नमस्कार करणाऱ्याला तरी दिसतील. आण्णांनी जोडणी केली आणि चाचणीसाठी ठेवलेला आवाज लावला: एक माणूस मागून चालत येतो, थांबतो, खाकरतो. पुढाऱ्याची आई त्याच वेळी बैठकीतून आत चालली होती. ती जागच्या जागी थांबली आणि तिने चटकन डोक्यावर पदर घेतला. तिच्यामागे येणाऱ्या सुनेनेही घेतला. हसण्यासारखी गोष्ट होती, पण कुणी हसलं नाही. पुढाऱ्यानेही टेबलावरचे पाय खाली घेतले. पुढे ऐकलं की ती म्हातारी रोज टीव्ही लावायला सांगते आणि टीव्हीकडे पाठ करून बसते.

परतताना आण्णा म्हणाले, "काय बोल्लं ते कुणी ऐकत न्हाई, बाई. कुठनं बोल्लं, तेवढंच माणूस बगतंय."

घरी आण्णांची आई होती. तिला सगळे जिजी म्हणत. दोन्ही डोळे काचबिंदूने गेलेले आणि डोकंही हळूहळू रिकामं होत चाललेलं. धाकटा भाऊ सुभाष आणि त्याची बायको राधा दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे, ते पाडव्याच्या सुमाराला परतायचे. निम्मं गाव जायचं. माझ्या वर्गातली निम्मी पोरंही जायची. जिजीला हे सांगितलेलं टिकत नसे. सकाळी सांगावं, तर दुपारी पुन्हा "राधा कुठं गेली?" उसाला गेली म्हटलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखी दचकायची. आणि जेवायची नाही. घर जेवल्याशिवाय मी कशी जेवू, हे तिचं पालुपद. आण्णांनी ताट पुढे ठेवलं तर हाताने चाचपून बाजूला सारायची. मागच्या हिवाळ्यात तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं होतं. पुढच्या खेपेला आणू नका, असं डॉक्टरांनी न बोलता सांगितलं होतं. आण्णांना बाकी कशाची पर्वा नव्हती. आई जगली पाहिजे, एवढंच त्यांचं चाललं होतं.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून मी संध्याकाळच्या एस.टी.ने परतले. गल्लीत दारोदार कुलपं. एका ओट्यावर एक म्हातारा, दुसऱ्यावर कुत्रं. पण आमच्या घराचं दार ढकललं आणि मला बरं वाटलं, कारण घर भरलेलं होतं. चुलीच्या खोलीत कुणीतरी भाकरी थापत होतं. गोठ्याच्या बाजूला सुभाष खाकरला. आतल्या खोलीत कोंबडीला कुणी हुसकलं. यंदा गेले नाहीत वाटतं, असं मनात म्हणत मी "राधा, अगं आले बरं का" म्हणून हाक मारली. उत्तर आलं नाही. भाकरी थापल्याचा आवाज तसाच चालू राहिला. मग राधा म्हणाली, "जिजी, ताट केलंय. उठा, निवतंय."

मी चुलीच्या खोलीच्या दारात उभी होते. आत कुणीही नव्हतं. चूल थंड होती. परातीवर झाकण होतं. "उठा की वो जिजी," राधा पुन्हा म्हणाली, माझ्या तोंडासमोर, हातभर अंतरावरून.  मागे बांगड्या वाजल्या म्हणून वळले, तर आण्णा ताट घेऊन उभे होते. रंगवलेल्या मिशांचा तो माणूस, आणि त्याच्या मनगटात राधाच्या हिरव्या बांगड्या. त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं, अनवाणी पायांनी अंगण ओलांडलं आणि जिजीपुढे ताट ठेवलं. ठेवताना मनगट मुद्दाम हलवलं. जिजीने ताट चाचपलं, "मीठ दे गं" म्हणाली आणि जेवायला लागली.

नंतर त्यांनी मला सगळं दाखवलं. लोकांच्या घरांतून उतरवलेले जुने स्पीकर त्यांनी गोठ्यात, माजघरात आणि जिजीच्या खाटेमागे लपवले होते. चुलीच्या खोलीपर्यंत वायर नेणं जमेना, म्हणून तिथे फळीवर बिनवायरीचा स्पीकर, पितळी डब्याएवढा, आणि कोनाड्यात त्याला जोडलेला जुना फोन. राधा-सुभाष उसाला जाण्याच्या आधी आण्णांनी घरातल्यांचे आवाज भरून घेतले होते. राधाला ते जमत नव्हतं. तिला हसू यायचं, नाहीतर पाहुण्याला वाढल्यासारखं गोड बोलायची. "रोजच्यासारखी वैतागून बोल की," असं आण्णांनी झापलं तेव्हा ती खरंच वैतागली, आणि तेच त्यांनी ठेवलं. मध्येमध्ये मोकळ्या जागाही ठेवल्या होत्या, जिजीला उत्तर द्यायला.

"ही फसवणूक आहे, आण्णा," मी म्हटलं.

"हाय. मग तुमी घाला जेवू. मी उद्यापासनं समदं काढतो."

मी दोन-तीन वेळा प्रयत्न केला. जिजीने मला ओळखलं, माझी विचारपूस केली, आणि ताट बाजूला सारलं. त्यानंतर मी त्या विषयावर बोलले नाही.

हिवाळा तसाच गेला. जिजीच्या अंगावर मांस आलं. ती आवाजाशी बोलायची आणि तिची उत्तरं त्या मोकळ्या जागांत हळूहळू इतकी चपखल बसायला लागली, की पलीकडे खोलीत वह्या तपासताना मला दोघींचं बोलणं चाललंय असंच वाटायचं. "उठा, निवतंय." "उठते की, पाय धरलाय." "उठा की वो जिजी." "आले, आले." मोकळ्या जागा जिजीला कळल्या होत्या की जिजीला पाहून राधा थांबत होती, हे ऐकून सांगता आलं नसतं. सगळ्यात वाईट म्हणजे मलाही सवय झाली. एकदा कपडे वाळत घालताना मीच "आले गं" म्हणाले. मग चुलीच्या खोलीकडे न बघता माझ्या खोलीत गेले आणि कडी लावून घेतली.

फोन आला तो दुपारी. आण्णा अंगणात बसून भाकरी कुस्करत होते, मनगटात बांगड्या होत्या. उसाने भरलेली ट्रॉली उलटली होती आणि राधा खाली सापडली होती. आण्णांनी फोन उजव्या कानाला लावून सगळं ऐकून घेतलं, "हां, हां" म्हणत राहिले. मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं. फोन ठेवला तेव्हा चुलीच्या खोलीतून राधा म्हणाली, "जिजी, ताट केलंय." आण्णा उठले. दोन-तीनदा चुकीच्या बाजूला वळले. मग ताट उचललं आणि जिजीपुढे नेऊन ठेवलं. ठेवताना मनगट हलवायला ते विसरले नाहीत.

अंत्यविधी तिकडेच झाला. गाव लांब, शवविच्छेदनात वेळ गेलेला. आण्णा जिजीला सोडून जाऊ शकले नाहीत.

"जिजीला सांगायचं नाही का?" मी विचारलं.

"सांगून काय? उद्या इसरंल. परवा परत सांगू? रोज मारू का तिला राधा?" मग जिजीच्या खाटेकडे बघत म्हणाले, "आन् आवाज बंद केला तर आई जाती. पाडव्यापोतर तरी चालू द्या."

म्हणून तो चालू राहिला. मेलेली बाई रोज दोनदा जेवायला हाक मारायची आणि जिवंत बाई उठून जेवायची. त्या दिवसांत मी चुलीच्या खोलीच्या बाजूने जाणं टाळलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. राधाच्या आवाजात काही बदल झालेला नव्हता. त्याचीच भीती वाटायची. ती तशीच वैतागलेली होती, घाईत होती, तिला अजून भांडी घासायची होती.

सुभाष दिवस उरकून एकटाच आला. भर दुपार होती. आण्णा बस-थांब्यावर जाऊन त्याला आधी सांगणार होते, पण तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर लवकर पोचला. दारातून आत पाऊल टाकलं आणि चुलीच्या खोलीतून राधा बोलली. सुभाषच्या हातातली पिशवी पडली नाही, तो ओरडला नाही. पिशवी त्याने नीट भिंतीशी ठेवली, चपला काढल्या आणि चुलीच्या खोलीत गेला. आण्णा मागून धावत आले तेव्हा तो फळीसमोर मांडी घालून बसला होता.

"परत लाव," तो म्हणाला.

त्यानंतर तो तिथून हलेना. जिजीचं जेवण झालं की आण्णा आवाज बंद करायचे, तो पुन्हा लावायचा. जेवला नाही, कुणाशी बोलला नाही, दाढी वाढली. राधा "उठा" म्हणाली की त्याचे खांदे हलायचे, पण तो उठत नसे. अंगणाच्या एका कडेला त्या आवाजावर जिजी पोसली जात होती आणि दुसऱ्या कडेला तोच आवाज ऐकत सुभाष वाळत चालला होता. आण्णांच्या मिशांच्या मुळाशी पांढरं दिसायला लागलं. रंगवायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

"आईला जगवायला भावाला मारतोय का मी?" एका सकाळी त्यांनी मला विचारलं. असं काही ते कधी कुणाला विचारत नसत.  त्यांनी बांगड्या उतरवल्या, खिशात ठेवल्या आणि जिजीच्या खाटेपाशी जाऊन बसले.

"जिजी, ऐक. राधा गेली. ट्रॉलीखाली गेली."

जिजीने मान वाकडी केली. "काऊन असं अभद्र बोलतोस रं?"

"खरं सांगतोय. महिना होत आला."

"गेली म्हणतोस, मग आतनं बोलती कोण?"

कारण आत सुभाषने आवाज लावलेलाच होता.  इतकं बेमालूम काम त्यांनी केलं होतं, की आता त्यांच्या शब्दापेक्षा ते काम खरं ठरत होतं. ते उठून चुलीच्या खोलीत गेले, फळीवरचा स्पीकर उचलला, तो बोलत होता तसाच आणला आणि जिजीच्या मांडीवर ठेवला. सुभाष मागोमाग दारापर्यंत आला.

"जिजी, ताट केलंय," राधा जिजीच्या मांडीवरून म्हणाली. "उठा, निवतंय."

जिजीचे दोन्ही हात वर गेले आणि तसेच राहिले. मग हळूहळू खाली आले. तिने तो डबा चाचपला, वरून, खालून, कडेने. जाळीवर तळवा ठेवला. राधा बोलली की तो तळव्याखाली थरथरत असावा, कारण जिजी प्रत्येक शब्दाला हात उचलायची आणि पुन्हा ठेवायची. ती रडली नाही. तिने विचारलं, "अहेव गेली पोर. वटी कुणी भरली तिची?"

"कुणीच न्हाई," सुभाष दारातून म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज ऐकला. "दवाखान्यातनं बांधून दिली. तशीच न्हेली."

"मग कशी जाईल ती? कोऱ्या वटीनं कुठं जाईल?" जिजी म्हणाली. "पेटीतला खण काढ, भानुदास. नारळ आण. माझ्या हातानं चालत न्हाई, मी बोडकी. बाई, तुमी सवाशीण हायत. तुमी भरा."

मी शिकलेली बाई आहे. वर्गात मुलांना भूतखेत नसतं म्हणून शिकवते. पण मी हातपाय धुऊन आले, डोक्यावरून पदर घेतला आणि जिजीच्या मांडीसमोर बसले. कुंकवात बोट बुडवलं आणि तिथेच अडले. समोर एक काळा डबा होता, आणि त्यातून राधा मला ओळखत नसल्यासारखी बोलत होती.

"कुंकू कुठे लावू, आण्णा?"

"जिथनं बोलती तिथं," आण्णा म्हणाले.

मी जाळीच्या मधोमध हळद-कुंकू लावलं. बोटाला तिचा आवाज लागला. खण पांघरला, ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला. जिजीने सगळ्यावरून हात फिरवून खात्री केली. तिला सांगितलेलं राहत नसे, पण हाताखालून गेलेलं ती विसरत नसे. हे आण्णांना ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही.

"जा," जिजी म्हणाली. "वाटं लाव तिला. नदीपोतर जा."

आण्णांनी खणासकट स्पीकर उचलला आणि बाहेर पडले. कोनाड्यातला फोन बंद करायचं कुणालाच सुचलं नाही, किंवा कुणाची छाती झाली नाही. मी दारात उभी राहून बघत होते. कुलूपबंद दारांसमोरून आण्णा चालले होते आणि राधा बोलत होती. ओट्यावरचा म्हातारा उठून उभा राहिला. हातपंपापाशी पोचले तसा आवाज तुटायला लागला. बिनवायरीचा झाला तरी तो फोनला बांधलेलाच असतो; अंतर वाढलं की सुटतो. "जिजी, ता…" मग नुसती खरखर, मग "…वतंय." हातपंपाच्या पुढे एक पाऊल गेले आणि आवाज गेला.

आण्णा थांबले. स्पीकर उजव्या कानाशी नेला. मग एक पाऊल मागे आले.

राधा बोलली.

ते पुढे गेले, ती थांबली. मागे आले, ती बोलली. भर उन्हात तो माणूस एका पावलावर पुढे-मागे होत राहिला. मी हाक मारणार होते, पण काय म्हणून मारायची ते सुचेना.

मागे जिजी म्हणाली, "सुभाष, मला भूक लागलीया. तुलाबी लागली आसंल. ताट कर."

सुभाष दारातून वळला. मग चुलीच्या खोलीत गेला. परातीचं झाकण काढल्याचा आवाज आला. त्यानंतर कोनाड्यापाशी त्याने काय केलं ते मला दिसलं नाही. हातपंपापाशी आण्णा एक पाऊल मागे आले आणि काहीच ऐकू आलं नाही. आणखी एक पाऊल आले. मग आणखी. स्पीकर कानाला घट्ट लावून थेट घरासमोरच्या पिंपळापर्यंत मागे आले आणि मान वर करून घराकडे बघितलं.

मी ‘जा’ म्हणून मान हलवली. आण्णांनी सरकलेला खण नीट केला, नारळ पडू नये म्हणून वर हात धरला आणि नदीच्या उताराला लागले.